वासोट्याला जाताना आधी परतीची वेळ ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडहून सहा जण निघणार, त्यात ६४ वर्षांचे वडील आणि ९ वर्षांची मुलगी. डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी पहाटे गाडी काढायची, सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीहून बोटीने कोयना धरणाच्या जलाशयापलीकडे जाऊन वासोटा किल्ला करायचा आणि रात्री घरी यायचे, हे जमेल का? आणि जमणार नसेल तर जलाशयाच्या पलीकडच्या काठावर जंगलातच तंबू लावून राहता येईल का?

तंबूचे आधी सांगतो, कारण त्यात परिस्थितीनुसार बदलण्यासारखे काही नाही. पलीकडचा काठ कोयना अभयारण्यात येतो आणि तिथे मुक्काम चालत नाही, गडावरही नाही आणि पाण्याकाठीही नाही. १९८५ साली हे अभयारण्य झाले, २०१० मध्ये चांदोलीसह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. म्हणजे तुम्ही किल्ल्यावर जाताय असे तुम्हाला वाटत असले, तरी नियम व्याघ्र प्रकल्पाचे लागतात. तंबूची हौस असेल तर अलीकडच्या काठावर, बामणोलीत आणि आसपासच्या गावांत लोकांनी आपापल्या जागेत राहायची आणि तंबूंची सोय केली आहे. तिथून पाणीही दिसते आणि पलीकडचे काळे डोंगरही दिसतात.

एका दिवसात होईल का, हे मात्र खरेच माणसांवर अवलंबून आहे. रोज चालणारे, तिशीतले चौघे असतील तर होतो. तुमच्या सहा जणांना मी शुक्रवारी रात्री बामणोलीत मुक्काम करायला सांगेन. ते का, हे समजले की बाकीचे नियोजन आपोआप सुटते.

पुण्याहून बामणोली साधारण १५० किलोमीटर आहे. साताऱ्यापर्यंत हमरस्ता, तिथून यवतेश्वराचा घाट चढून कास पठारावरून पुढे उतार. चहाचा थांबा धरून साडेतीन ते चार तास. हे अंतर काही फार नाही. अडचण त्याच्या पुढे सुरू होते, कारण तिथून वेळ तुमच्या हातात राहत नाही. आधी वनविभागाची परवानगी, मग बोट भरणे, मग सव्वा ते दीड तास पाण्यावर, मग पलीकडे मेट इंदवलीला चौकीत नोंद आणि सामानाची तपासणी. मग चढ, आणि तो तुमच्यातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या गतीने. शेवटी दुपारी ठरलेल्या वेळेला बोटीपाशी हजर राहायचे. बोट आणि चौकी दोन्ही अंधाराच्या आत मोकळी व्हायला हवीत, त्यामुळे ती वेळ पुढे ढकलता येत नाही. डिसेंबरात साताऱ्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. डोंगराच्या पूर्व अंगावरच्या दाट रानात त्याच्या बरेच आधी अंधारून येते.

म्हणून वेळापत्रक मी नेहमी शेवटापासून सुरुवातीकडे मांडतो. मेट इंदवलीहून साडेतीनला बोट सुटायला हवी. तर सव्वातीनला सगळे चौकीत हवेत. लहान मूल आणि वयस्क माणूस बरोबर असताना उतरायला पावणेदोन तास धरा, म्हणजे गडावरून दीडला निघायचे. वर सव्वा तास तरी हवा, नाहीतर आलोच कशाला असे होते. म्हणजे सव्वाबाराला माथ्यावर. चढायला अडीच तास, म्हणून पावणेदहाला पाऊल उचलायचे. साडेनऊला पलीकडे पोहोचायचे तर सव्वाआठला बोट, आणि त्यासाठी साडेसातला परवानगीच्या रांगेत. आता पुण्याहून साडेसातला बामणोलीत पोहोचायचे तर साडेतीनला गाडी सुटली पाहिजे. जो गाडी चालवणार तो अडीचला उठणार, दिवसभर डोंगर चढून उतरणार आणि अंधारात घाट उतरून पुन्हा पुण्यापर्यंत चालवणार. एका माणसाची ही अठरा-एकोणीस तासांची सलग जाग होते. या सहलीतला सर्वांत मोठा धोका गवा किंवा कडा नाही, रात्री आठ-नऊ वाजता स्टिअरिंगवर येणारी डुलकी आहे. शिवाय खंबाटकी घाटात एखादा ट्रक बंद पडला आणि एक तास गेला, तर वरची सगळी साखळी तुटते.

शुक्रवारी रात्री बामणोलीत असाल तर तोच एक तास तुमच्या खिशात राहतो. एसटीने येणार असाल तर आदल्या दिवशी पोहोचण्याला पर्यायच नाही: स्वारगेटहून सातारा, साताऱ्याहून बामणोली.

परवानगीची रीत, शुल्क आणि उघडण्याचे दिवस अधूनमधून बदलतात. म्हणून निघण्याच्या आठवड्यात मुक्कामाच्या मालकाला फोन करून विचारा, तो रोज तिथेच असतो. प्रत्येकाचे आधार कार्ड बरोबर ठेवा. बोटीचे भाडे माणशी नसते, पूर्ण बोटीचे असते. सहा जणांची बोट घेतलीत तर माणशी जास्त पडेल, दुसऱ्या गटाबरोबर वाटून घेतलीत तर कमी. पण वाटून घेताना पैशांपेक्षा एक गोष्ट आधी पाहा: त्या गटाचीही परतीची वेळ तुमचीच आहे ना? बारा जणांत दोघे उशिरा आले तर दहा जण काठावर बसून राहतात. डिसेंबरातले शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा बोटी पुरत नाहीत. मंगळवार ते गुरुवारपैकी एक दिवस सुटी काढता आली तर तीच सहल वेगळी होते, रानात माणसांचा आवाज नसतो.

बोटीत लाइफ जॅकेट घाला आणि त्याचे पट्टे बांधा. नुसते गळ्यात अडकवलेले जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जाते. मुलीसाठी तिच्या मापाचे मागा. मोठ्याचे जॅकेट द्यावे लागले तर पट्टे आवळून, खांद्याला धरून वर ओढून पाहा, हनुवटीच्या वर सरकायला नको. सकाळी पाणी आरशासारखे असते, दुपारनंतर वारा उठतो आणि परतताना लाटा बोटीवर आपटतात. हे रोजचेच आहे, घाबरू नका, फक्त उभे राहू नका आणि सगळे एका बाजूला फोटोला जाऊ नका. सकाळचा गारठा पाण्यावर चांगलाच झोंबतो. वडिलांना आणि मुलीला कानटोपी आणि वारा अडवणारे जाकीट हवेच. पोहायला मात्र कुणीही उतरायचे नाही. हे नैसर्गिक तळे नाही, कोयना धरणामागे बुडालेले खोरे आहे. काठाजवळ गाळ असतो, बुडालेल्या झाडांची खोडे असतात आणि एका पावलावर खोली बदलते.

याच पाण्याने हे रान राखले, हे माहीत असावे. १९६०च्या दशकात धरण झाले, खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली, पलीकडच्या काठावर उरलेली वस्तीही पुढे उठली. सातारच्या बाजूने तिकडे जायला बोटीशिवाय वाट उरली नाही. मेट म्हणजे गडाच्या पायथ्याची पहाऱ्याची जागा. मेट इंदवलीला उतरल्यावर सुरुवातीच्या टप्प्यात जमीन पायऱ्यापायऱ्यांची दिसेल आणि दगडांच्या ढासळलेल्या ताली दिसतील. ती शेते होती. माणसांच्या घामाची ती जागा आता जंगलाने घेतली आहे. तिथून चालताना एवढे भान ठेवा.

आता चढ. धरण भरलेले असताना जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर असते आणि वासोट्याचा माथा ११७१ मीटर. डिसेंबरात पाणी थोडे उतरलेले असते, म्हणून चढ सव्वापाचशे मीटर धरा. आतकरवाडीहून सिंहगड चढता तेवढाच, किंबहुना सिंहगडाचा थोडा जास्त. त्यामुळे वडिलांची चाचणी पुण्यातच घ्या. निघण्याआधी दोन रविवार त्यांना आतकरवाडीच्या वाटेने वर न्या आणि त्याच वाटेने पायीच खाली आणा, जीपने नाही. दोन तासांच्या आत वर गेले, बोलताना धाप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा धरला नाही, तर वासोटा त्यांना जमेल. गुडघा दुखला तर नेऊ नका. सिंहगडावर ताक मिळते, वर गाडीचा रस्ता आहे, पाय मुरगळला तर तासाभरात दवाखाना आहे. वासोट्यावर पाय मुरगळला तर माणसाला खांद्यावर किंवा झोळीतून चौकीपर्यंत आणायचे, मग बोट, मग बामणोलीहून साताऱ्यापर्यंत ३५ किलोमीटरचा घाटरस्ता. चार-पाच तास जातात.

वडिलांना चढ नको असेल तर त्यांना चौकीपाशी पाच तास बसवू नका. तिथे करण्यासारखे काही नाही आणि माणूस कंटाळतो. त्यापेक्षा कुणीतरी एक जण त्यांच्याबरोबर बामणोलीतच थांबा आणि दोघे दुसऱ्या बोटीने दत्त मंदिराकडे, तापोळ्याच्या बाजूच्या संगमाकडे जाऊन या. कोयना, सोळशी आणि कांदाटी तिथे एकत्र येतात. पाणी, डोंगर आणि शांतता तिथेही तीच आहे.

चढाईची वाट सोपी आहे, पण एकसुरी नाही. चौकीनंतर थोड्या वेळात ओढ्यापाशी मारुती आणि गणपतीच्या मूर्ती लागतात. तिथपर्यंत जवळजवळ सपाट आहे. तिथे थांबून बुटाच्या नाड्या पुन्हा बांधा आणि प्रत्येकाने दोन घोट पाणी प्या, कारण खरा चढ तिथून सुरू होतो. पुढे सावली इतकी गच्च आहे की डिसेंबरात ऊन क्वचितच अंगावर येते. जांभूळ, हिरडा, पिसा, अंजनी, मध्येच कारवीच्या काड्यांचे रान. मान वर करून चाललात तर जांभळीच्या शेंड्याला वाळक्या पानाकाड्यांचा फुटबॉलएवढा गोळा दिसेल, ते शेकरूचे घरटे. एकेक शेकरू अशी अनेक घरटी बांधते, त्यामुळे गोळा दिसला म्हणजे आत कुणी आहेच असे नाही. थोडे थांबून ऐका, खडखड हसल्यासारखा आवाज आला तर ते जवळ आहे. वाटेत नागेश्वरकडे जाणारा फाटा फुटतो. नागेश्वराची गुहा सुंदर आहे, पण तुमच्या वेळापत्रकात ती बसत नाही. फाट्यावर मागचे पुढे आणि पुढचे मागे असे होऊ नये म्हणून तिथे सगळे एकत्र आल्याशिवाय कुणीही पुढे जायचे नाही.

माथ्याच्या आधीचा शेवटचा टप्पा उघड्यावर येतो आणि तिथे घसारा आहे. चढताना जाणवत नाही, उतरताना पाय घसरतात ते इथेच. बारीक गोल मुरुमावर वाळके पान पडलेले असते आणि आपण पान पाहून पाय टाकतो. उतरताना पावले छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, टाचेवर ताठ पाय आपटू नका. गुळगुळीत तळव्याचे धावायचे बूट इथे दगा देतात, खाचा खोल असलेले बूट हवेत. वडिलांसाठी दोन काठ्या घ्या, एक नको. दोन काठ्यांनी उतारावर गुडघ्यावरचा भार खरोखर हलका होतो.

वर पोहोचलात की छप्पर नसलेले मारुतीचे देऊळ लागते. तिथून वाटा फुटतात. एक महादेवाच्या देवळाकडे आणि माचीकडे जाते. तिथून चकदेव, रसाळ, सुमार, महिपतगड ही डोंगरांची रांग आणि मागे जलाशय असे दोन्ही दिसते. दुसरी पाण्याच्या जोडटाक्यांवरून बाबूकड्याकडे जाते. सव्वा तासात दोन्ही होतात. घाई असेल तर बाबूकडा आधी करा. नालेच्या आकाराचा हा कडा थेट कोकणात कोसळतो आणि समोर जुना वासोटा उभा आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्याच डोंगरावर तोफा चढवून या गडावर मारा केला होता, ते अंतर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की लढाई कळते. जुन्या वासोट्यावर जाण्याचा विचार करू नका, वाट राहिलेली नाही. कड्याच्या टोकाचे गवत कडेबाहेर वाढलेले असते आणि त्याखाली जमीन असेलच असे नाही. टोकापासून दोन मीटर मागे थांबा, मुलीचा हात मोठ्या माणसाने धरलेला हवा. खाली वाकून पाहायचेच असेल तर पोटावर झोपून पाहा आणि मागून कुणीतरी पाय धरा.

या कड्यांवर आग्यामोहोळ असते. त्यामुळे अत्तर, डिओ लावून जाऊ नका, ओरडून प्रतिध्वनी घेऊ नका, विडी-सिगारेट तर नकोच. माशा उठल्याच तर हात हलवायचे नाहीत, डोके-तोंड झाकून झाडीत शिरायचे आणि दूर जात राहायचे. कुणाला मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असेल तर त्याची औषधे त्याच्या खिशात हवीत, पिशवीच्या तळाशी नकोत.

प्राण्यांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण मुलगी बरोबर आहे म्हणून सांगतो. बिबट्या तुम्हाला दिसण्याची शक्यता फार कमी. गवा दिसू शकतो. तो वाटेवर असेल तर वाट त्याची. जागेवर थांबा, सगळे जवळ या, हळूहळू मागे सरका आणि तो जाईपर्यंत वाट पाहा. बरोबर वासरू असेल तर आई आणि वासरू यांच्यामध्ये कधीही येऊ नका. अस्वलाचे वेगळे आहे. त्याला दुरून चांगले दिसत नाही आणि अचानक समोर माणूस आला की ते भिऊन अंगावर येते. म्हणून दाट कारवीतून जाताना साध्या आवाजात बोलत चला, बाकी ठिकाणी शांत राहा. गाणी लावायचा स्पीकर चौकीवरच काय, पुण्यातच ठेवा. सापासाठी एकच सवय पुरते: हात टाकण्याआधी जागा पाहायची. हिरवा चापडा फांदीवर निश्चल बसलेला असतो आणि आधारासाठी आपण नेमकी तीच फांदी धरतो. चावलाच तर कापू नका, आवळून बांधू नका, तो अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणा आणि सातारा गाठा.

या सगळ्यासाठी गावातला वाटाड्या घ्या. वाट सापडत नाही म्हणून नव्हे. गव्याचा ताजा माग, मोहोळ उठलेली जागा, कालच कोसळलेले झाड हे त्याला माहीत असते. बामणोलीच्या पुढे मोबाइलवर भरवसा ठेवू नका. मुक्कामाच्या मालकाला आणि पुण्यात एकाला परतीची वेळ सांगून ठेवा.

पाणी माणशी तीन लिटर, मुलीला दोन. ओढा डिसेंबरात बहुधा वाहता असतो आणि टाक्यांत पाणी असते, पण ते गाळणी किंवा औषधाची गोळी असल्याशिवाय पिऊ नका. वर एकही टपरी नाही. डब्यात धपाटे किंवा पोळी-भाजी, खिशात गूळ-शेंगदाणे, खजूर, संत्री. सगळे स्टीलच्या डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरा. चौकीत पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात, बाटल्या, वेष्टने सगळे लिहून घेतात, अनामत ठेवतात आणि परतताना तेवढेच मोजून दाखवले की पैसे परत देतात. वीस चॉकलेटांची वीस वेष्टने सांभाळत बसण्यापेक्षा ती बामणोलीतच ठेवलेली बरी. संत्र्याची सालेही परत आणा. ती कुजतात हे खरे, पण माकडे आणि रानडुकरे वाटेवर खायला शिकतात, आणि एकदा शिकली की पुढच्या माणसाच्या पिशवीवर येतात.

महिन्यांचे म्हणाल तर पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. ऑक्टोबरात उघडल्यावर रान हिरवेगार असते पण जळवा आणि निसरडे दगडही असतात, मुलीला नेऊ नका. नोव्हेंबर ते जानेवारी तुमच्यासाठी उत्तम. फेब्रुवारीनंतर पाने गळतात, ऊन लागते, ओढा आटतो. उन्हाळ्यात जलाशय खाली गेला की बोट लांबच थांबते आणि उघड्या पडलेल्या चिखलाच्या पट्ट्यातून चालत जावे लागते, म्हणजे वर काढलेल्या वेळेत आणखी भर पडते.

शेवटचे, आणि हे बहुतेक जण विसरतात. जिथे गवे-सांबर आहेत तिथे गोचीड असतेच, आणि जमीन कोरडी होत जाते तशी वाढते. पँट मोज्यांत खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला म्हणजे अंगावर चढलेली दिसते. गवतात बसू नका, दगडावर बसा. बामणोलीत परतल्यावर गाडीत बसण्याआधी कपडे बदला आणि एकमेकांचे अंग पाहा: कानामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, गुडघ्यामागे. मुलीचे केस विंचरून पाहा. चिकटलेली गोचीड सापडली तर तिला चिरडू नका, रॉकेल किंवा तेल लावू नका. चिमट्याने अगदी कातडीजवळ, तोंडापाशी धरून सरळ वर ओढा आणि जागा साबणाने धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुणाला ताप आला, अंग दुखले किंवा कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की कोयनेच्या जंगलात जाऊन आलोय. ते कळले की ते वेगळ्या तपासण्या करतात आणि औषधही वेळेवर सुरू होते.